देवडीतला तिसरा जरीद

नोकरी सोडताना चार्ज द्यावा लागतो. मीही दिला. ढाली मोजून दिल्या, तलवारी मोजून दिल्या, कुलपं-किल्ल्या दिल्या, सह्या घेतल्या. पण सात वर्षांत तिथं जे किस्से जमले ते कुणी मागितलेच नाहीत! रजिस्टरात त्यांचा रकानाच नव्हता. मग ते माझ्याकडेच राहिले, आणि आता कुणी चहा पाजला की एकेक बाहेर निघतो. तुम्ही तर सोबत भजीही मागवलीत, तेव्हा ऐका.

म्यूझियम म्हटल्यावर फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. हुमनाबादहून कल्याणीकडं जाताना लागणारं एक गाव, तिथं एका जहागीरदाराची देवडी, म्हणजे वाडा. पोलीस अ‍ॅक्शन झालं, पुढच्या वर्षी जहागिऱ्या गेल्या, जहागीरदार हैदराबादला गेले आणि त्यांची शस्त्रांची दोन दालनं सरकारकडं आली. सरकारनं दारावर पाटी ठोकली, एक कारकून नेमला, की झालं म्यूझियम! तो कारकून मी. हुलसूरचा बिराजदार, मॅट्रिक पास, हत्यारांतलं ज्ञान सुपारीच्या अडकित्त्यापर्यंत.

हे जहागीरदार मोठे नादिष्ट. हातात धरून लढायची हत्यारं सगळेच जमवतात, यांना नाद फेकायच्या हत्यारांचा, त्यातही इराणी. घोड्यावरून फेकायचे हातभर लांबीचे भाले, फेकायच्या कुऱ्हाडी, फेकायचे फास, दगड फेकायच्या गोफणी. जे हातातून सुटतं ते सगळं त्यांनी धरून ठेवलेलं!

आणि या सगळ्याला जपणारे दस्तगीरचाचा. त्यांचे वडीलही या शस्त्रांचे दरोगा, तेही दरोगा. फाटकाला लागून दोन खोल्या होत्या, त्यातच त्यांचा जन्म झाला होता आणि त्यातच ते राहायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला दालन फिरवून दाखवलं.

"ये इराण. ये बी इराण. वो दिवार पो जो है, पूरा इराण."

मी कोपऱ्यातल्या तीन पायांच्या खुर्चीकडं बोट केलं. "और वो?"

"वो निजामाबाद," चाचा म्हणाले. "उसपो तुमे बैठना है!"

*

दर गुरुवारी चाचा शस्त्रांना तेल लावायचे. सरकारकडून तेल मंजूर नव्हतं, म्हणून घरचं करडीचं तेल. वाटीत बोटं बुडवून एकेका पात्यावरून अशी फिरवायचे, की बघणाऱ्याला वाटावं बाळाला न्हाऊ घालायच्या आधीचं मालिश चाललंय.

एका गुरुवारी चाची थेट दालनात आल्या. हातात रिकामी बुधली. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मुन्शीजी, तुमीच न्याव करा. घरात वांग्याला फोडणी न्हाई, अन् हितं इराणला रोज फोडणी!"

चाचांनी मान वर केली नाही. "रोज न्हाई," ते म्हणाले, "गुरुवार के गुरुवार."

चाची निघून गेल्या. दुपारी चाचांचा डबा आला. त्यात नुसतं उकडलेलं वांगं होतं! चाचांनी ते मीठ लावून चवीनं खाल्लं आणि उरलेलं तेल कुऱ्हाडींना लावलं.

*

काचेच्या एका पेटीत इराणी गोफण होती. फारसीत फलाखन. रेशमाची वीण, कडेला चांदीची तार. मी मोठ्या अक्षरात चिठ्ठी लिहिली होती: 'फलाखन. इराणी. अत्यंत दुर्मिळ.'

जोंधळ्याला हुरडा धरायचे दिवस. शरणम्माअक्का म्हणून आमच्याकडं झाडलोट करायला यायच्या. उरलेला दिवस रानात माळ्यावर उभ्या राहून पाखरं हाकलायच्या. त्या दिवशी पेटी पुसायला मी ती गोफण बाहेर काढून ठेवली होती. अक्कांनी चिठ्ठी काही वाचली नाही, पण गोफण बघितली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

"काय झालं, अक्का?"

"ही तर गोफण हाय की वो! माज्याकडं हाय त्याला तार न्हाई, एवढंच."

चाचांना ते लागलं. "ये इराण का है, अक्का. ये जंग में चलता था."

"मंग चालवून दाखवा की!"

आता चाचा अडकले. तीस वर्षं त्यांनी त्या गोफणीला तेलाचा हात लावला होता, पण दगड कधी लावला नव्हता. अक्कांनी गोफण उचलली, चौकात येऊन एक खडा घातला, डोक्यावर दोन वेढे फिरवले आणि सोडला. खडा सुटला तो सरळ देवडीच्या माडीवर टांगलेल्या पितळी तासावर जाऊन आदळला. ठण्ण!

आमच्या गावची शाळा देवडीच्या तासावर चालायची. रेवणसिद्ध मास्तरांनी तास ऐकला आणि पोरं सोडून दिली. सकाळचे सव्वादहा वाजले होते.

मी डोक्याला हात लावला. चाचा मात्र अक्कांकडं बघत राहिले होते. म्हणाले, "अक्का, और एक बार!"

दुसऱ्या दिवशी शाळेची सगळी पोरं शिस्तीत रांग लावून म्यूझियम बघायला आली. प्रत्येकाच्या खिशात खडा होता.

*

मास्तरांवरून आठवलं. शाळेच्या गॅदरिंगला सावित्रीचं नाटक बसवलं होतं. यम खुद्द मास्तर. त्यांना यमाचा फास हवा होता आणि आमच्याकडं होता कमंद, म्हणजे घोडेस्वार पळत्या शत्रूवर टाकायचे तो रेशमी दोराचा फास.

"सरकारी वस्तू बाहर जाती नई," चाचा म्हणाले. मास्तर फार गयावया करायला लागले तेव्हा त्यांनी तोड काढली. "जायेगी, मगर मेरे साथ."

त्यामुळं दुपारी चारला नाटकात यम आला तो शेरवानी घातलेल्या दरोग्याला घेऊन! लोकांना वाटलं चित्रगुप्त. टाळ्या पडल्या.

यमानं फास टाकला, तो पेटीवाल्याच्या गळ्यात पडला. पुन्हा टाकला, तो सावित्रीच्या अंबाड्यात अडकला. सत्यवान मेल्या मेल्या एक डोळा उघडून बघायला लागला. चाचांना हत्याराचा असला अपमान सोसवेना. ते पुढं आले, दोर मास्तरांच्या हातातून घेतला, "ऐसा नई मास्तर, कलाई से!" म्हणाले आणि मनगटाला एक झटका दिला. फास बरोबर बसला. पण बसला तो समोर उभ्या असलेल्या यमाच्याच दंडांवर, आणि चाचांच्या हातून सवयीनं आवळलाही गेला.

रेशमी दोर आवळला की लवकर सैल होत नाही. इकडं सावित्रीचं भाषण सुरू झालं, "देवा, माझ्या पतीला सोडा!"

यम घामाघूम. "बाई, सोडतो," तो म्हणाला, "आधी मला कुणीतरी सोडवा!"

*

मोनप्पा लोहाराची ओळख करून द्यायची राहिली. आमच्या गावात त्याचा भाता होता, पण माणूस मूळचा निर्णा गावचा. नुसता निर्ण्याचा नाही, कडवा निर्ण्याचा. सात पिढ्या निर्ण्याच्या मातीतल्या, हे त्याचं रोजचं पालुपद.

खानेसुमारीवाले, म्हणजे जनगणनेचे कारकून आले होते. त्यांची सायकल मोनप्पाच्या दारात वाकली, म्हणजे चाकाला बाक आला. चाक सरळ करता करता मोनप्पानं त्यांना आपला जन्म, बाप, आजा सगळं सांगितलं. कारकुनांनी लिहिलं, 'हुमनाबाद.'

"निर्णा लिव्हा."

"अरे, निर्णा हुमनाबादकडंच येतं की. काय फरक पडायलाय?"

मोनप्पानं चाक काढून मांडीखाली घेतलं आणि वर बसला. "आदी निर्णा लिव्हा, मंग चाक लावतो!"

कारकुनांनी खोडून निर्णा लिहिलं. खाडाखोड दिसायला नको म्हणून मोनप्पानं त्यांच्याकडून दोनदा गिरवून घेतलं.

या मोनप्पाची दुसरी एक खोड होती. हातून जे काही घडेल, विळा असो की खुरपं, त्यावर छिन्नीनं तीन टिंबं मारायचा, चुलीच्या तीन दगडांसारखी. सुगीत मजुरांचे विळे एकमेकांत मिसळायचे, मारामाऱ्या व्हायच्या. म्हणून त्यानं टिंबं सुरू केली, तेव्हापासून मोनप्पाचा माल कुठला हे सगळा तालुका टिंबांवरून ओळखायचा. टिंबांशिवाय वस्तू भात्याबाहेर गेली की त्याला घास उतरायचा नाही.

*

आता त्या जरीदांचं सांगतो.

जरीद म्हणजे मघाशी म्हटलं तो घोड्यावरून फेकायचा आखूड भाला. सबंध पोलादाचा. एका चामडी म्यानात तीन बसतात. आमच्या म्यानात मात्र दोनच होते.

झालं होतं असं. पोलीस अ‍ॅक्शनच्या वेळी हत्यारं जमा करायचा हुकूम निघाला. देवडीतलं सगळं गाड्यांत भरून गेलं आणि चार महिन्यांनी परत आलं. जरीदांचं म्यान फडक्यात बांधून, वर लाखेची मोहर लावून आलं होतं. चाचांनी मोहर बघितली, माणसांवर भरोसा ठेवला आणि 'नग तीन' लिहिलेल्या कागदावर सही केली. फडकं सोडलं तर आत दोन!

तिसरा कुठं गेला, वाटेत पडला की कुठल्या अधिकाऱ्याच्या दिवाणखान्यात गेला, देव जाणे. सही चाचांची. दरोग्यानं हत्यार कुणाला तरी देऊन टाकलं, अशी कुजबुज सुरू झाली. आणि त्या दिवसांत दस्तगीर नावाच्या माणसावर असा संशय यायला फार काही लागत नव्हतं. मला अजून त्या कुजबुजीचा राग येतो.

दरवर्षी हैदराबादहून पत्र यायचं, 'तिसऱ्या नगाचा खुलासा करावा.' दरवर्षी चाचा मला एकच उत्तर लिहायला सांगायचे, "तीन थे, दो हैं."

एकदा मीच म्हणालो, "चाचा, गंज लागून खलास झाला असं लिहितो. मिटून जाईल."

चाचा माझ्याकडं असे बघायला लागले, की जणू मीच जरीद चोरलाय. "मुन्शीजी! मेरे हात का लोहा, और जंग?"

मी मुकाट्यानं लिहिलं, 'तीन होते, दोन आहेत.'

*

शेवटी ते वर्ष आलं. हैदराबाद राज्य मोडणार, आम्ही म्हैसूरकडं जाणार, हे नक्की झालं. त्याआधी सगळ्या वस्तूंची शेवटची तपासणी करायला एक माहीतगार साहेब येणार होते. सोबतच्या पत्रात साफ लिहिलं होतं: तीन नग न भरल्यास दरोग्यानं खोल्या रिकाम्या कराव्यात, आणि हत्यार गहाळ केल्याचं प्रकरण पोलिसांकडं जाईल.

चाचींनी भांडी बांधायला काढली. चाचा गुरुवार नसतानाही तेल लावत बसले.

त्यानंतर मोनप्पा रोज म्यूझियम बघायला यायला लागला. जरीदाच्या पेटीपुढं उभा राहायचा, काचेवर वीत लावायचा, बोटांवर मोजायचा आणि जायचा. मी विचारलं, "कामून रे येयलास रोज?"

"इराण बगायलालोय," तो म्हणाला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चाचांनी म्यान उघडलं, तर आत तीन! तिसऱ्यावर हळदीकुंकवाचं बोट. मोनप्पा आयुधपूजेशिवाय नवं हत्यार कुणाच्या हातात देत नसे.

चाचांनी तो हातावर तोलला, वास घेतला आणि तसेच भात्यावर गेले. मी मागोमाग.

"काम बहोत अच्छा है, मोनप्पा," ते म्हणाले. "गाडीच्या चाकाची धाव हाय न्हवं?"

"व्हय. जुनी धाव. चिंचंच्या पान्यात चार दिस ठिवली, काळी पडाया." मोनप्पा खाली बघत होता. "चाचा, सायब येतील, मोजतील अन् जातील. तुमी निस्तं गप बसा की."

"तीन थे, दो हैं," चाचा म्हणाले आणि जरीद त्याच्या मांडीवर ठेवून निघून आले. फाटकाशी थांबून त्यांनी डोळे पुसले. म्हणाले धूर गेला. भात्यात तेव्हा विस्तवही नव्हता.

त्या दोघांचं बोलणं बंद झालं. आणि तपासणीच्या सकाळी तो जरीद भात्यावरून आणून म्यानात कुणी ठेवला? मी ठेवला. आज सांगून टाकतो.

*

साहेब जीपमधून उतरले. हॅट, भिंग, आणि बोलणं पुस्तकातलं. काढणीचे दिवस होते, तरी लोक रानातनं सरळ देवडीत आले होते. कुणाच्या कमरेला विळा, कुणाच्या खांद्यावर कुऱ्हाड. आपल्या दरोग्याचं काय होतं ते बघायला सगळा गाव चौकात उभा होता. पुढं शरणम्माअक्का आणि मोनप्पा.

साहेबांनी म्यान उघडलं. "तीन!" ते म्हणाले. "मग तक्रार कसली?"

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी निजामाबादच्या खुर्चीकडं बघितलं.

साहेबांनी भिंग लावलं. पहिला बघितला, दुसरा बघितला, तिसऱ्यावर थांबले. थांबले ते चांगली पाच मिनिटं.

"दरोगा! ही तीन बिंदूंची खूण पाहिलीत कधी? ही इस्फहानच्या कारखान्याची! पक्का इराणी कारागीर खूण केल्याशिवाय राहत नाही." मग त्यांनी उरलेले दोन बोटानं बाजूला सारले. "हा एक अस्सल. हे दोन नक्कल. म्हणजे तुमचा एक नाही, दोन नग कमी आहेत!"

एक भरायला गेलो आणि दोन घालवून बसलो!

चाचा पुढं आले. "हुजूर, आपने उल्टा बोले. ये दो इराण के हैं. और ये हमारे मोनप्पा का. तीन थे, दो हैं."

साहेब हसले. "दरोगा, या गावच्या लोहाराला असं काम जमणार आहे का?"

आता मोनप्पानं गप्प राहायचं की नाही? पण कारागीर तो. "कामून न्हाई जमणार?" तो एकदम ओरडला. "ती टिंबं माजी हाईत! इचारा कुणालाबी!"

"ह्याच्यावर बी हाईत की," म्हणत शरणम्माअक्कांनी कमरेचा विळा काढून टेबलावर ठेवला. मागून दुसरा आला. मग खुरपी, कुऱ्हाडी, कुणाचा नांगराचा फाळ. बघता बघता तिन्ही जरीद विळ्यांखाली दिसेनासे झाले.

साहेब एकेक उचलून भिंगाखाली धरत होते. तीन टिंबं. तीन टिंबं. तीन टिंबं. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा झाला. चूक झाली असं म्हणायची त्यांना सवय नसावी. मग हळूहळू तो चेहरा उजळला. त्यांनी टाक दौतीत बुडवला, रजिस्टर पुढं ओढलं आणि मोनप्पाकडं अगदी आदरानं बघितलं.

"आता लक्षात आलं! खूण पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ते दोन बिनखुणेचे, म्हणजे घराण्यातल्या जुन्या पिढीचे. तसं असेल तर तिन्ही अस्सल धरून आत्ता सही करतो. फक्त एवढं सांगा, उस्ताद, तुमचं घराणं इराणातून इकडं कधी आलं?"

टाक रकान्यावर थांबला होता. मोनप्पाचं तोंड उघडलं, आणि 'निर्णा' ओठांवर आलेलं मला स्पष्ट दिसलं. त्याची नजर चाचांकडं गेली, त्यांच्या तेलकट बोटांकडं, फाटकापाशी बांधून ठेवलेल्या चाचींच्या भांड्यांकडं.

"हुजूर," चाचांनी सुरुवात केली, "सच बात ये है के..."

मोनप्पानं आपला पाय चाचांच्या पायावर ठेवला. चांगला दाबून ठेवला.

"पंजोबाच्या वक्ताला, सायब," तो म्हणाला. "उंटावर बसून आलं म्हनं."